समोरून एक फोटो

स्टेवोचा फोन आला तेव्हा नीरजा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेऱ्याची लेन्स पुसत उभी होती. वेस्टमीडला ती जखमांचे फोटो काढायची. तोच तिचा जॉब होता. भाजलेले हात, न भरणारे व्रण, ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या पाठी. "मॉम गेली," स्टेवो म्हणाला. "काल दुपारी. झोपेतच." त्याच्या मागे कुणीतरी बाई मोठ्याने रडत होती आणि कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. नीरजा सॉरी म्हणाली, पुन्हा सॉरी म्हणाली. इतकी वर्षं इंग्रजीत राहूनही अशा वेळी तिला दुसरा शब्द सुचत नसे. "ऐक ना," स्टेवो म्हणाला, "तिच्या थडग्याच्या दगडावर चेहरा कोरायचाय. काळ्या ग्रॅनाइटवर. तो कोरणारा माणूस फोटो मागतोय. समोरून पाहिजे, सरळ बघणारा. तुझ्याकडे तर हजारो असतील." "हो, आहेत ना," नीरजा म्हणाली. "नो वरीज. संध्याकाळी पाठवते." आणि फोन ठेवून ती आत गेली. आत एक म्हातारे गृहस्थ पॅंटचा पाय वर गुंडाळून मुकाट बसले होते. तिने त्यांच्या पोटरीशेजारी मापाची पट्टी धरली, प्रकाश सारखा केला आणि फोटो काढला. हात नेहमीसारखे चालत होते. फक्त एकदा, पट्टी उचलताना, तिला वाटलं की आपण आत्ता फोनवर काहीतरी खोटं बोललो. काय ते मात्र कळेना.

तिचं युनिट स्टेशनच्या पलीकडे होतं. कारपार्कमधून चालत गेलं की तिथे पोचता यायचं. दोन बेडरूम, एका बेडरूममध्ये झोपायचं आणि दुसरीत फोटो. नवरा, अवधूत, तिला सोडून वेरिबीला निघून गेला तेव्हा जाताना म्हणाला होता, "तुला बरंच झालं, आता एक खोली कामाला मिळेल." तो टोमणा होता की प्रामाणिक काळजी, हे तिला इतक्या वर्षांतही ठरवता आलेलं नव्हतं. दोघं पुण्याहून एकत्रच आले होते, एकाच युनीत, इथल्या युनिव्हर्सिटीत, शिकले होते, एकाच दिवशी पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झाले होते; आणि मग एखादं दुकान बंद करावं तसं, फारसं भांडण न करता, सगळं आवरून टाकलं होतं. घरी आल्यावर तिने बूटसुद्धा न काढता कॉम्प्युटर लावला. लूबाचे फोटो वेगळ्या ड्राइव्हवर होते, सगळे, पहिल्या दिवसापासून.

लूबा तिला भेटली तीही एका जखमेमुळेच. डायबेटिसने चिघळलेला पाय. फुलाफुलांचा लांब स्कर्ट दोन्ही हातांनी सावरून धरत ती म्हातारी खुर्चीवर बसली होती आणि नीरजा खाली वाकून पायाचा फोटो काढत होती. "पायाचाच काढतेस होय?" वरून आवाज आला. "तोंड काय वाईट आहे माझं?" नीरजाने मान वर केली. सावळा, रुंद चेहरा, कानात सोन्याच्या नाण्यांचे डूल, आणि डोळ्यांत चक्क चेष्टा. नियम असा होता की जिथे जखम तिथलाच फोटो. नीरजाने तसं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग तोंडावर जखम व्हायची वाट बघू का?" दुपारी शिफ्ट संपवून नीरजा प्लॅटफॉर्मवर आली तर हीच बाई बाकावर बसलेली. तिने शेजारची जागा थोपटली आणि म्हणाली, "बेश." नीरजा बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हा शब्द इंग्रजी नव्हता आणि तरी आपल्याला तो विचारावा लागला नाही. मग ट्रेन येईपर्यंत त्यांचा खेळच झाला. लूबाने नाकाला हात लावला आणि 'नाख' म्हणाली, कानाला लावला आणि 'कान' म्हणाली, बाटली दाखवून 'पानी'. नीरजा प्रत्येक शब्दाला लहान मुलीसारखी हसत होती. "तुम्ही कुठल्या?" तिने विचारलं. "डूनसाइडची," लूबा म्हणाली. "त्याआधी?" "त्याआधी युगोस्लाव्हिया. आता तो देश नाही. आम्ही रोम. लोक जिप्सी म्हणतात ते." आणि मग, तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवत, "रविवारी ये. पायाला सोडून बाकी सगळ्याचा काढ."

त्या रविवारपासून नीरजा जात राहिली. डूनसाइडच्या त्या घरामागे गवतात एक जुनी कॅरव्हॅन उभी होती. घर मोठं होतं, पण लूबा बराच वेळ कॅरव्हॅनमध्येच असायची. तिचा मुलगा स्टेवो गाड्यांचे पोचे काढायचा. त्याचा बाप आणि आजोबा तांब्याची भांडी ठोकत, कल्हई लावत गावोगाव फिरले होते. मागच्या शेडमध्ये एक मोठं तांब्याचं पातेलं अजून होतं आणि ते पाहून नीरजाला मिरजेला दारात येणारा कल्हईवाला आठवला, त्याचा भाता, नवसागराचा तो नाकात जाणारा पांढरा धूर, आणि काळ्या पातेल्यात एकदम उगवणारा चांदीचा गोल. तिने ते स्टेवोला सांगितलं. हजार वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडूनच निघालात, असंही सांगितलं. स्टेवोने हातोडी खाली ठेवली. "मेट," तो म्हणाला, "जो भेटतो तो मला सांगतो मी कुठून निघालो. मी ब्लॅकटाउनला जन्मलो." तो चिडला नव्हता. पण त्यानंतर नीरजाने तो विषय काढला नाही.

फोटो मात्र काढले. तीन वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवारी. शनिवारी ती बॅटऱ्या चार्ज करायची तेव्हा तिला आठवड्यात पहिल्यांदाच कुणाकडे तरी जायचंय असं वाटायचं. बाकी दिवस तसे सरळ होते. हॉस्पिटल, युनिट, भात टाकणं, जेवताना मोबाइल. मधूदादाचा मिरजेहून रविवारी कॉल यायचा तो ती बहुतेक वेळा घ्यायचीच नाही. त्याच्या मागे घर दिसायचं, आईचं घर, आणि त्यात आई नसायची. आई कोविडच्या वर्षात गेली. विमानं बंद होती. नीरजाने सगळं मोबाइलवर पाहिलं होतं. दादाच्या मुलाने फोन धरला होता आणि त्याचा हात सारखा हलत होता, त्यामुळे तिच्या आठवणीत आईचं ते शेवटचं जाणं म्हणजे पायऱ्या, कुणाच्या तरी चपला, आभाळ आणि पुन्हा पायऱ्या एवढंच राहिलं. त्यावर ती कुणाशी कधी बोलली नव्हती. कुणाशी बोलायचं? लूबाशी बोलता आलं असतं. पण लूबाकडे गेली की तिच्या हातात कॅमेरा असायचा, आणि हातात कॅमेरा असला की ती बोलत नसे.

आता ती एकेक फोल्डर उघडत होती. लूबा चुलीच्या धुरात, अर्धा चेहरा नाहीसा झालेला. लूबाची पाठ आणि वेणी, पलीकडे कपड्यांची दोरी. लूबाचे हात कणीक मळताना. कॅरव्हॅनच्या काचेत लूबाचं प्रतिबिंब, त्यावर निलगिरीच्या फांद्या. लूबा झोपलेली. लूबा नातीचे केस विंचरताना, मान खाली. लूबा हसताना, पण तोंडावर हात. फोटो चांगले होते. ते चांगले आहेत हे नीरजाला माहीत होतं, आणि आत्ता या क्षणीसुद्धा एखाद्या चौकटीपाशी तिचा हात थांबत होता आणि मनात 'वा' उमटत होतं. पण समोरून, सरळ बघणारा एक चेहरा नव्हता. जुने फोल्डर झाले, नवे झाले; न वापरलेले, नापास केलेले फोटोही तिने सगळे पाहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत दाराशी गेलं. नव्हता.

असं कसं होईल? लूबाला तर फोटो काढून घ्यायला आवडायचं. नीरजा आली की ती आत जाऊन चांगला स्कार्फ बांधायची, डूल घालायची, खुर्ची उन्हात ओढायची आणि ताठ बसायची. गुडघ्यांवर हात, हनुवटी वर, डोळे थेट लेन्समध्ये. स्टुडिओत बसावं तशी. आणि नीरजा कॅमेरा डोळ्याला लावून वाट बघायची. ते ताठपण सैल होण्याची, लूबाने कंटाळून मान वळवण्याची, कुणीतरी हाक मारण्याची. खरा क्षण नंतर येतो, हे तिला युनीत शिकवलं होतं आणि ते तिला पटलं होतं. "मी इथे आहे हे विसर ना," ती लूबाला सांगायची. "कशी विसरू?" लूबा म्हणायची. "तू तर इथे आहेस." एकदा तर लूबा तशीच ताठ बसून राहिली, हट्टाने, आणि नीरजाही कॅमेरा धरून थांबली. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या, बराच वेळ. शेवटी लूबाने उसासा टाकून डूल काढायला हात वर नेला, आणि नीरजाने बटण दाबलं. तो हात वर नेतानाचा फोटो गेल्या वर्षी ब्लॅकटाउनच्या प्रदर्शनात पोस्टरवर होता.

ते प्रदर्शन तिच्या मैत्रिणीने, मयूराने, भरवलं होतं. कम्युनिटी हॉलच्या भिंती, पांढरे दिवे, समोसे आणि स्पार्कलिंग वॉटर. लूबा नटून आली होती. स्टेवोचा हात धरून ती एकेका फोटोसमोर थांबत, हळूहळू सगळ्या भिंतींवरून फिरली. नीरजा मागे मागे. शेवटच्या फोटोशी लूबा वळली आणि तिचा हात दाबून म्हणाली, "धूर फार छान आलाय." मयूरा हसली, सगळे हसले, नीरजाही हसली. तेव्हा तिला ते कौतुकच वाटलं होतं.

तिने स्टेवोला फोन केला. "नाहीये," ती म्हणाली. "काय नाहीये?" "समोरून बघणारा. एकही नाही." स्टेवोच्या मागे आता रडणं थांबलं होतं, टीव्ही चालू होता. "तीन वर्षं येत होतीस ना तू?" त्याने विचारलं. त्यात आरोप नव्हता. खरंच हिशेब लागत नसल्यासारखं त्याने विचारलं होतं. "हो." "बरं," तो म्हणाला. आणि मग, "तरी ये. मिरेलाच्या फोनमध्ये एक आहे. त्याचं काही होतं का बघ."

मिरेला म्हणजे त्याची बायको. तिच्या फोनमधला फोटो सुपरमार्केटमधला होता. सेल्फ-चेकआउटपाशी, ट्रॉलीला धरून, निळ्या लोकरी जॅकेटमध्ये लूबा उभी होती आणि थेट समोर बघत होती. डोळे थकलेले, आजाराने गाल बसलेले, डोक्यावर स्कार्फ नाही, मागे डिटर्जंटची रांग. दुसऱ्या दिवशी डूनसाइडच्या स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप ठेवून नीरजा बसली आणि सगळ्या बायका तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "ते जॅकेट काढ," मिरेला म्हणाली. "डूल घाल तिला." नीरजाने आपल्या फोटोंतून डूल घेतले. स्कार्फ घेतला. कपाळावरची बट घेतली. आजवर तिने एका फोटोतला एक विजेचा खांबसुद्धा पुसला नव्हता. जे आहे ते, असं ती अभिमानाने सांगायची. आता ती डिटर्जंटच्या बाटल्या पुसून तिथे राखाडी ढग भरत होती. "गाल भर," दुसरी कुणीतरी म्हणाली. "ती जाडी होती. चांगली जाडी होती." "डोळ्याखालचं काळं काढ." "सगळं नको काढू, मग कोण ओळखेल?" "नाक असं नव्हतं." "असंच होतं." "असं नव्हतं म्हणते ना!"

हा शेवटचा आवाज दारातून आला होता. काळे कपडे घातलेली एक बाई बॅग हातात धरून उभी होती. तिने बॅग तिथेच सोडली, टेबलापाशी आली आणि वाकून आपला चेहरा स्क्रीनच्या शेजारी आणला. "हे नाक," ती म्हणाली. "बघ. हेच." खरंच तेच होतं. तोच रुंद चेहरा, तेच भुवयांमधलं अंतर. फक्त चेष्टा तेवढी नव्हती. मिरेला हळूच म्हणाली, "ही रूझा. मॉमची बहीण. ॲडलेडहून आली." नीरजा बघत राहिली. इतक्या रविवारी लूबाने आपल्या घोड्याबद्दल सांगितलं होतं, बोटीच्या प्रवासाबद्दल, वारलेल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल. बहीण आहे असं कधी सांगितलं नव्हतं. "माझ्याकडे काय बघतेस?" रूझा म्हणाली. "स्क्रीनकडे बघ. काम कर." नीरजाने मान खाली घातली आणि रूझाकडे पुन्हापुन्हा चोरून बघत लूबाचं नाक नीट केलं. संध्याकाळ होईपर्यंत स्क्रीनवर एक बाई तयार झाली. गोल चेहऱ्याची, डूल घातलेली, ताठ, सरळ समोर बघणारी. तशी लूबा त्या वयात, त्या कपड्यांत, त्या ढगांपुढे कधीच बसली नव्हती. पण मिरेलाने पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्टेवो आत आला, मागे उभा राहिला, नीरजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेला. परतताना प्लॅटफॉर्मवर नीरजाला वाटलं, हा आपला सगळ्यात खोटा फोटो. आणि लगेच वाटलं, लूबाने एवढा एकच मागितला होता.

यानंतर डूनसाइडला जायचं काही कारण उरलं नाही. पहिला रविवार आला, तिने बॅटरी चार्जिंगला लावली आणि मग काढून ठेवली. घरभर फिरली. फ्रिज साफ केला. दुपारी ट्रेन जाण्याचा आवाज आला की कान तिकडे जायचे. ती ब्लॅकटाउनकडे जाणारी आहे की उलट, हे तिला आवाजावरून कळायला लागलं होतं. हॉस्पिटलात माणसं येत होती, पाय दाखवत होती, जात होती. एका बाईने "थँक्यू, लव्ह" म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते तिने खाली वाकून पट्टी उचलण्याच्या निमित्ताने लपवलं. शोक करायला आपल्याला अधिकार काय, असं तिला वाटे. आपण कोण? पाहुणी. 'गाजी', म्हणजे बाहेरची. हा शब्द तिथे तिने कितीदा तरी ऐकला होता, कधी मायेने, कधी नाही.

मग एका शुक्रवारी स्टेवोचा फोन आला. रविवारी पोमाना आहे, त्याने सांगितलं, मेलेल्या माणसाचं जेवण. दीड महिन्याने करतात. नीरजाला वाटलं, फोटो काढायला बोलावतोय. "कॅमेरा नको आणू," तो म्हणाला आणि अडखळला. "कसं सांगू. आमच्यात त्या दिवशी एक माणूस तिच्या जागी बसतं. बाईसाठी बाई. तिला नवे कपडे घालायचे, अगदी बुटांपर्यंत, आणि सगळ्यांनी तिला वाढायचं. ती जेवली की मॉम जेवली. न्यूकासलची तिची मैत्रीण बसणार होती, ती पडली, कंबर मोडली. इथे आता बायका आहेतच किती? घरच्यांनी बसायचं नसतं. मिरेला म्हणाली, नीरजाचं माप मॉमच्या मापाचंच आहे." "पण मी रोम नाही," नीरजा म्हणाली. "रूझा तेच म्हणतेय," स्टेवो म्हणाला. "तुला नको असेल तर सांग. नो वरीज."

फोन कानाला धरून नीरजा गॅलरीत आली. खाली हॉस्पिटलच्या नर्सेस शिफ्ट संपवून हसत स्टेशनकडे चालल्या होत्या. तिला आईच्या वर्षश्राद्धाचा फोटो आठवला. वहिनीने पाठवला होता. बाबांच्या आधी गेली म्हणून आईच्या नावाने सवाष्ण जेवायला बसवली होती, शेजारच्या कुणी बाई. पाटाभोवती रांगोळी, बाईंच्या मांडीवर नवं हिरवं लुगडं, आणि पानात पुरण. तेव्हा नीरजाला त्या अनोळखी बाईंचा हेवा वाटला होता. तिच्या आईच्या जागी त्या जेवत होत्या, आणि ती इथे गॅलरीत उभी. आपल्याला तर असं कुणी कधी बसवणारही नाही, असंही वाटलं होतं. नवरा सोडून गेलेलीला सवाष्ण म्हणून कोण बोलावतं? "येते," ती स्टेवोला म्हणाली.

रविवारी मिरेलाने तिला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर सगळं नवं मांडलेलं होतं. लांब स्कर्ट, ब्लाउज, जाड मोजे, काळे बूट, बुटांत अजून कागद कोंबलेला. नीरजाने कपडे घातले. बूट तंतोतंत बसले. मिरेला स्कार्फ बांधायला लागली तेवढ्यात दार उघडून रूझा आत आली, मिरेलाच्या हातातून स्कार्फ काढून घेतला आणि म्हणाली, "तू जा." मग ती नीरजाच्या पाठीशी उभी राहून केस विंचरायला लागली. जोरात. नीरजाचं डोकं मागे ओढलं जात होतं. "मी नको म्हणाले होते," रूझा म्हणाली. "माहीत आहे," नीरजा म्हणाली. "तू तिचे इतके फोटो काढलेस. माझ्याबद्दल ती काय बोलायची?" नीरजाला खोटं बोलता आलं असतं. "काहीच नाही," ती म्हणाली. कंगवा थांबला. मग पुन्हा चालू झाला, पण आता हळू.

अंगणात लांब टेबल होतं. कोबीत गुंडाळलेला भात, भाजलेलं कोकरू, फळांच्या राशी, पाव, मेणबत्त्या. सगळी माणसं उभी, आणि टेबलाच्या टोकाला एकच खुर्ची. नीरजा चालत गेली आणि बसली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. असं कुणी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. माणसं एकेक करून पुढे येऊ लागली. तिचे हात हातात घेत, गालाला गाल लावत, काहीतरी बोलत. ते तिच्याशी नव्हतं आणि तिच्याशीच होतं. तिला हात कुठे ठेवावेत कळेना. कॅमेऱ्याशिवाय ते फार मोठे आणि निरुपयोगी वाटत होते. शेवटी तिने ते गुडघ्यांवर ठेवले. स्टेवो आला, पानात मटण वाढलं आणि आईशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटला. एवढा दांडगा माणूस तिच्यापुढे पोरासारखा उभा होता आणि तिला ते बघायचं होतं, नुसतं बघायचं नव्हतं, त्याला काहीतरी द्यायचंही होतं, आणि द्यायला तिच्याजवळ फक्त हे होतं की तिने घास उचलला आणि खाल्ला. तो हसला.

रूझा सगळ्यात शेवटी आली. ती वाकली नाही. समोर उभी राहून तिने आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग चढत्या आवाजात. लोक आपसूक मागे सरले. नीरजाला मधूनच एखादा शब्द कळायचा आणि निसटायचा. रूझा छातीवर हात मारत होती, बोट दाखवत होती, एकदा आकाशाकडे, एकदा कॅरव्हॅनकडे. काय झालं होतं दोघींत? जमीन, लग्न, एखादा शब्द? कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची ही वेळ नव्हती. मग रूझा थांबली. धाप लागली होती तिला. आणि नीरजाला कळावं म्हणून असेल, तिने इंग्रजीत विचारलं, "यू स्टिल अँग्री विथ मी?"

नीरजाला वाटलं, हो म्हणणं शक्य नाही आणि नाही म्हणायचा आपल्याला हक्क नाही. लूबाने काय म्हटलं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने लूबाला कधी काही विचारलंच नव्हतं, फक्त कॅमेरा धरून वाट बघितली होती. समोर ते नाक होतं, त्या भुवया होत्या, आणि डोळ्यांत एका म्हातारीची भीती. सकाळपासून ही बाई चुलीशी राबत होती. बाह्यांना पीठ लागलेलं होतं. नीरजाच्या तोंडून शब्द गेले ते तिने ठरवलेले नव्हते, आणि ते मराठीत होते. "जेवलीस का गं?" रूझा बघत राहिली. नीरजाने पानातला पाव मोडला, अर्धा तिच्यापुढे धरला. रूझाने मान हलवली, नाही, नाही. मग तिने तो घेतला. स्टेवोने मागून खुर्ची आणून ठेवली आणि ती धपकन बसली. पाव तोंडात असतानाच ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रडताना चावत राहिली. नीरजाही खात राहिली. दोघी एकाच पानात.

"कपडे तुझे," निघताना मिरेला म्हणाली. "घाल. ठेवून नको देऊस." परतीच्या ट्रेनमध्ये दुपारचं ऊन होतं आणि डब्यात तुरळक माणसं. त्या लांब स्कर्टकडे कुणी बघत नव्हतं. मोबाइलवर मिरेलाच्या मुलीने फोटो पाठवला होता. वाकडा आलेला, कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा. खुर्चीत स्कार्फ बांधलेली एक बाई, गालात घास, थेट समोर बघणारी. नीरजाने तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. कापायचा विचार तिच्या मनात आला नाही. तिने तो मधूदादाला पाठवून दिला. मिरजेत सकाळ असेल, चहाची वेळ. थोड्या वेळाने उत्तर आलं. 'कोण गं या बाई? चेहरा ओळखीचा वाटतोय.'

वेस्टमीड यायला अजून बरीच स्टेशनं होती. 'मीच,' तिने लिहिलं. समोर दादा काहीतरी टाइप करत असल्याचं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग फोनच वाजायला लागला, व्हिडिओ कॉल. तिने खिडकीच्या काचेवर डोकं टेकवलं, स्कार्फ तसाच राहू दिला, आणि फोन समोर धरून उचलला.